खिडकीतला पाला: कारागीर घरांसाठी थंडीचा जोडधंदा

कसबा पेठेत घरे दाटीची, अंगण नाही आणि गच्ची सामाईक. अशा ठिकाणी लागवडीची गोष्ट काढली की लोक हसतात. पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात खिडकीपाशी बी रुजवून सॅलडचा पाला घेता येतो. घरबसल्या चार पैसे मिळवू पाहणाऱ्या कुटुंबांनी याचा विचार जरूर करावा.

थंड मुलुखात गारठ्यापासून वाचवायला बी घरात रुजवतात. आपल्याकडे मामला उलटा आहे. लेट्यूसचे बी १५ ते २० अंश तापमानात उत्तम रुजते आणि ३० अंशांच्या पुढे बहुधा झोपून राहते. म्हणजे पुण्याची थंडी हाच त्याचा हंगाम. आपली खरी अडचण उजेडाची. अरुंद गल्लीत ऊन कमी, आणि उजेड कमी पडला की रोप लांबट, फिकट होऊन आडवे पडते. पूर्वेची किंवा दक्षिणेची खिडकी निवडावी. ती नसेल तर रोपांच्या वर वीतभर अंतरावर ट्यूबलाइट टांगून रोज १२ ते १४ तास चालू ठेवावी. विजेचे बिल मात्र खर्चात धरावे.

तळाला भोके असलेल्या पसरट कुंडीत भुसभुशीत माती आणि कुजलेले शेणखत भरावे. लेट्यूसचे बी खोल पुरू नये. त्याला रुजायला उजेड लागतो. पाणी फवाऱ्याने द्यावे. आठवडाभरात कोंब दिसतात. चार पाने आली की रोपे वेगळी लावावीत. पेरणीपासून दीड-दोन महिन्यांत पाने मिळतात. बाहेरची पाने खुडत राहिल्यास तेच रोप पुन्हा माल देते.

नवख्याने अळिवापासून सुरुवात करावी. बाळंतिणीच्या लाडवात घालतो तेच हे बी. इंग्लंडमध्ये याचा कोवळा पाला सँडविचमध्ये घालतात. अळीव भिजवल्यास चिकट होतो, म्हणून कोरडाच ओल्या सुती कापडावर पसरावा. दोन-तीन दिवसांत मोड येतात आणि साधारण दहा-बारा दिवसांत पाला कापता येतो. बी किराणा दुकानातले, खाण्याचेच घ्यावे. शेतीसाठी औषध लावलेले रंगीत बी अशा कोवळ्या पाल्यासाठी कधीही वापरू नये.

आता तिजारतीची बाब. कापडाचा तागा कपाटात वर्षभर पडून राहिला तरी त्याची किंमत उरते. कापलेला पाला मात्र एक-दोन दिवसांत कोमेजतो. म्हणून आधी गिऱ्हाईक, मग बी. जवळपासचे सँडविचवाले, हॉटेलवाले आणि लग्नाचे केटरर यांना नमुना दाखवावा, आठवड्याला किती माल लागेल ते विचारावे आणि तेवढेच पेरावे. सगळे बी एकदम न टाकता दर आठ दिवसांनी थोडे थोडे टाकावे, म्हणजे माल सतत निघतो आणि गिऱ्हाईक तुटत नाही.

बी, माती, वीज आणि वाया गेलेला माल वहीत रोज लिहावा. पहिल्या हंगामात दोन-तीन ट्रेच्या वर जाऊ नये. वहीत शिल्लक दिसली तरच पुढच्या थंडीत हात वाढवावा.