शाळेचा प्रकल्प आणि गाडीचा कायदा

विद्यार्थीमित्रांनो, 'किशोरवयीन मुले आणि वाहन चालविण्याचे कायदे' असा विषय शाळेने प्रकल्पाला दिला, की पहिला प्रश्न येतो तो हा, की खात्रीची माहिती आणावी कुठून? महालात सांगणाऱ्यांना तोटा नाही. बडकस चौकातल्या एखाद्या पानठेल्यावर विचारा. कोणीतरी ठासून सांगेल, "सोळा पूर्ण झाले ना? मग बिनागियरची गाडी चालते!" आज या एकाच वाक्याची पारख करू, म्हणजे बाकीच्या माहितीची पारख कशी करावी हेही उमगेल.

पहिली गोष्ट, मूळ कायदा गाठायचा. तो आहे मोटार वाहन अधिनियम, १९८८. केंद्र सरकारच्या 'इंडिया कोड' या संकेतस्थळावर तो फुकट वाचायला मिळतो. कलम ४ काढा. सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायला वय हवे १८ वर्षे. सवलत एकच : इंजिन ५० सीसीहून मोठे नसलेली मोटारसायकल १६ पूर्ण झाल्यावर चालविता येते, अर्थात परवाना काढून. गियरचा उल्लेख येतो तो कलम ७ मध्ये. अठराच्या आतल्या मुलाला बिनागियरच्या मोटारसायकलचा शिकाऊ परवाना हवा असेल, तर पालकाची लेखी संमती लागते. दोन्ही कलमे एकत्र वाचा, म्हणजे पानठेल्यावरचे वाक्य अर्धेच खरे आहे हे ध्यानात येईल. १९७२ साली आलेल्या लुनासारख्या मोपेडला ही सवलत लागू पडे. आज घरोघरी उभ्या असलेल्या पेट्रोलच्या स्कूटर बहुधा शंभर सीसीच्या वरच्या. गियर नसला म्हणून काय झाले? सोळा वर्षांच्या मुलाला ती चालवायची मुभा नाही.

दुसरी गोष्ट, साल पाहायचे. घरच्या जुन्या कपाटात १९३९ च्या कायद्याचे पुस्तक सापडेलही. पण १ जुलै १९८९ पासून त्याची जागा १९८८ च्या कायद्याने घेतली. बरे, १९८८ चे पुस्तक मिळाले तरी पुरत नाही. २०१९ साली त्यात मोठी दुरुस्ती होऊन कलम १९९-अ आले. अल्पवयीनाने वाहनाचा गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. आपल्याला ठाऊक नव्हते, किंवा आपण पुरती काळजी घेतली होती, हे पालकाने सिद्ध केले तर मात्र तो सुटू शकतो. जुन्या पुस्तकात यातले अक्षरही मिळणार नाही.

तिसरी गोष्ट, कायदा कोणत्या देशाचा? मोबाइलवर शोधले की पुष्कळदा परदेशची पाने पुढे येतात. ब्रिटनमध्ये मोटारगाडी सतराव्या वर्षी चालविता येते. अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे. ते तिथे खरे. आपल्या सीताबर्डीच्या रस्त्यावर त्यांचा काही उपयोग नाही.

चौथी गोष्ट, बातमी आणि कायदा यांची गल्लत करू नये. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते मरण पावले. जामीन देताना बाल न्याय मंडळाने त्याला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, म्हणून देशभर संताप उसळला. ते वाचून कोणी लिहील, 'अशा गुन्ह्याला शिक्षा निबंधाची.' हे साफ चूक. ती जामिनाची अट होती, शिक्षा नव्हे. घटना सांगायला वर्तमानपत्र घ्या. शिक्षा सांगायला कलम उघडा.

वहीत प्रत्येक विधानापुढे कायद्याचे नाव, कलम, साल आणि तुम्ही ते कधी पाहिले ती तारीख लिहा. शंका उरली, तर प्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे आपल्या आरटीओत, जाऊन विचारा. आणि एक काम आज संध्याकाळीच करा, बरं का. घरच्या गाडीचे नोंदणीपत्र बाबांकडून मागून घ्या. त्यात इंजिनाची क्षमता छापलेली असते. तो आकडा प्रकल्पात उतरवा, आणि शिकवणीला जाण्यासाठी किल्ली मागण्याआधी आईबाबांनाही दाखवा.