शॉर्ट कुठे आहे?

गाडीचा एक फ्यूज उडतो. नवा घातला की चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तोच उडतो. हे दुखणे छत्रपती संभाजीनगरच्या गॅरेजांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे आहे. गेल्या चाळीस वर्षांत शहराचे नाव बदलले, गाड्या बदलल्या, फ्यूजचे रूप बदलले. शॉर्ट शोधायची रीतही बदलली, पण वाटते तितकी नाही. खरा फरक पडला तो शॉर्ट सापडण्याच्या जागेत.

1985 मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, तेव्हा इथली चारचाकी म्हणजे मुख्यतः ॲम्बेसेडर, फियाट आणि जीप. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये आली होती, पण नंबर लावून तिची वाट पाहावी लागे. जुन्या ॲम्बेसेडरच्या बॉनेटखाली लुकास पद्धतीचे काचेचे फ्यूज असत, 35 अँपिअरचे आणि फक्त दोन. एकावर हॉर्नसारखी कायम चालू राहणारी कामे, दुसऱ्यावर किल्ली फिरवल्यावर चालणारी: वायपर, ब्रेक लाईट, इंडिकेटर. हेडलाईटच्या वाटेत तर फ्यूजच नसे. तिथे शॉर्ट झाला की पहिली बातमी धुराने कळायची.

एका फ्यूजवर इतकी कामे, म्हणजे तो उडाला तरी चोर कोण हे कळत नसे. त्यावर दुकानादुकानांतल्या उस्तादांकडे जो तोडगा होता तो आजही शिकण्यासारखा आहे. उडालेल्या फ्यूजच्या जागी ते हेडलाईटचा जुना बल्ब जोडत. 60 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर साधारण 5 अँपिअरच प्रवाह जाऊ देतो. त्यामुळे शॉर्ट तसाच असला तरी वायर जळत नाही, नवे फ्यूज वाया जात नाहीत आणि बल्ब मात्र भगभगीत पेटून राहतो. मग एकेक जोडणी सोडवत जायचे. वायपरची काढली, बल्ब तसाच. इंडिकेटरची काढली, तसाच. ब्रेक लाईटची काढली आणि बल्ब विझला, म्हणजे शॉर्ट त्या वायरवर. आता तीच वायर मधोमध सोडवायची, उरलेली पुन्हा मधोमध. दर वेळी संशयित लांबी निम्मी होते आणि पेडलपासून डिकीपर्यंतची वायर काही मिनिटांत हातभर उरते.

त्या काळी शॉर्ट बहुतेक कंपनीच्या मूळ वायरिंगमध्येच सापडे. मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशीच्या वर जातो. बॉनेटखाली इंजिनाची धग वेगळी. वायरीचे आवरण कडक व्हायचे, तडकायचे, आणि पत्र्याच्या भोकातून जिथे वायर जाते तिथला रबरी बूच गळून पडला की उघडे तांबे बॉडीला टेकायचे. बॉडी म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू, म्हणजेच अर्थ. वाटेत ना बल्ब ना मोटर, मग प्रवाहाला अडवणार कोण? उस्तादाला अशा जागा तोंडपाठ असत. फायरवॉल, डॅशबोर्डची मागची कडा, मागचा दिवा.

याच काळात एक घातक उपायही रूढ होता. रात्री रस्त्यात फ्यूज उडाला आणि दुसरा जवळ नसला की सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून काम भागवायचे. गाडी घरी पोहोचायची खरी, पण शॉर्ट जिथल्या तिथे आणि त्याला थांबवणारे कोणी नाही. मग फ्यूजऐवजी वायरच तापायची आणि शेजारच्या वायरींना घेऊन वितळायची. एका ठिकाणचा दोष आख्ख्या वायरिंगचा होऊन बसे. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, ही साधी गोष्ट त्या चंदेरी कागदाने कित्येकांना महागात शिकवली.

नव्वदच्या दशकात चपटे, प्लॅस्टिकचे, रंगीत फ्यूज सर्रास दिसू लागले. लिटलफ्यूज या अमेरिकी कंपनीने ते 1976 मध्येच आणले होते. लाल 10 अँपिअरचा, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30. कामेही वाटली गेली आणि दोन फ्यूजांच्या जागी अख्खी पेटी आली. चोर शोधणे निम्मे सोपे झाले. शिवाय आधीच्या कोणी केलेली लबाडीही उघडी पडू लागली. पेटीच्या झाकणावर 10 लिहिले आहे आणि तिथे हिरवा फ्यूज बसला आहे, म्हणजे या गाडीचा आजार जुना आहे आणि कोणीतरी तो दाबून ठेवला आहे, हे झाकण उघडताच कळते.

उडालेला फ्यूजही बोलतो. तो उजेडाकडे धरून पाहावा. आतली पट्टी मधोमध नीट वितळून तुटलेली असेल, तर प्रवाह मर्यादेच्या थोडा वर जाऊन हळूहळू तापलेला असतो. प्लॅस्टिकला आतून काळे शिंतोडे उडालेले असतील, तर थेट शॉर्ट. 10 अँपिअरचा फ्यूज 11 अँपिअर तासन्‌तास सोसतो. 20 झाले की पाच सेकंदांच्या आत जातो. त्यामुळे ‘एसी लावून अर्धा तास झाला की उडतो’ अशी तक्रार आली, तर जाणता माणूस आधी वायर सोलत बसत नाही. धुळीने जड झालेली ब्लोअरची मोटर जास्त प्रवाह ओढते का, ते पाहतो. जालना रोडची धूळ आणि मे महिना यांच्या जोडीत हा निदानाचा धडा फार उपयोगी पडतो.

मग 2001 उजाडले. शेंद्र्याला स्कोडाची ऑक्टाव्हिया तयार होऊ लागली, काही वर्षांनी तिथेच ऑडीची जुळणी सुरू झाली. ऑक्टोबर 2010 मध्ये शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन 150 मर्सिडीज एकदम खरेदी केल्या आणि देशभर बातमी झाली. गाड्यांत वायर वाढली, सॉकेट वाढले, दुकानात टेस्ट लॅम्पच्या शेजारी डिजिटल मीटर आला. मीटरने नवे चकवेही आणले. 21 वॅटच्या ब्रेक लाईटचा रोध पेटल्यावर सुमारे 7 ओहम असतो, पण थंड बल्बचा तो एक ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. मीटर लावला की तो ‘पीं’ करतो आणि नवशिक्या शॉर्ट सापडला म्हणून खूश होतो. म्हणून मीटर लावण्याआधी त्या फ्यूजवरचे सगळे बल्ब काढायचे, हा नियम झाला.

पण मीटर येण्याआधीपासून चालत आलेले एक हत्यार तसेच राहिले: प्रश्न. ओळखीतल्या एका गाडीचा पार्किंग लाईटचा फ्यूज दौलताबादचा घाट चढताना उडायचा, शहरात मात्र आठवडाभर काही होत नसे. दोन ठिकाणी नुसते फ्यूज बदलून मिळाले. तिसऱ्या ठिकाणी उस्तादाने गाडीला हात लावण्याआधी विचारले, ‘उडतो तेव्हा कोणकोणती बटणे चालू असतात? खड्ड्यात उडतो की वळणावर? डिकीत सामान असते का? गाडी घेतल्यावर काय काय बसवून घेतलेत?’ शेवटच्या प्रश्नाला उत्तर आले, रिव्हर्स कॅमेरा. त्याने डिकी उघडून बिजागराजवळची काळी टेप सोलली. टेपचा डिंक उन्हाने सुटला होता. कॅमेऱ्याची वायर ओढून नेताना पार्किंगच्या वायरीला सोलून जोड दिलेला, आणि तो जोड बिजागराच्या कडेवर घासून तिळाएवढे तांबे चमकत होते. वेरूळला निघालेल्या कुटुंबाच्या सामानाने डिकीचे झाकण वर रेटले जाई, वळणावर ते हलले की तांबे पत्र्याला टेके. जोड कापून, झाळून, वर स्लीव्ह चढवून वायर बिजागरापासून दूर बांधली. फ्यूज मूळच्याच अँपिअरचा घातला.

हे उदाहरण अपवादाचे नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांत कंपनीचे मूळ वायरिंग खूप सुधारले. सॉकेट घट्ट, वायरींना नळी, वळणावर रबर. आता शॉर्ट सापडतो तो आपण नंतर जोडलेल्या गोष्टींत: म्युझिक सिस्टीम, फॉग लॅम्प, एलईडीच्या पट्ट्या, डॅशकॅम, गॅस किट. किंवा सीटखाली सरकलेल्या वायरीत, सिगारेट लायटरच्या भोकात पडलेल्या नाण्यात आणि पावसाळ्यात बॉनेटखाली मुक्कामाला आलेल्या उंदरांच्या दातांत. पूर्वी उस्ताद गाडीचा नकाशा डोक्यात ठेवून शोधायचा. आज त्याला गाडीचा इतिहास विचारावा लागतो.

संगणकाने या कामात मदत केली आहे आणि मर्यादाही घातली आहे. अनेक नव्या गाड्यांत दिव्यांचा प्रवाह इलेक्ट्रॉनिक स्विच सांभाळतो. शॉर्ट झाला की तो स्वतःच बंद होतो आणि कोड नोंदवतो. स्कॅनर लावला की ‘डावा मागचा दिवा, अर्थला शॉर्ट’ इतके कळते. पण तो बिजागराजवळ आहे की सीटखाली, हे कोड सांगत नाही. उलट, जुन्या सवयीने हेडलाईटचा बल्ब कंट्रोल युनिटच्या वायरीवर टेकवला, तर काही हजारांचे युनिट जायचे. बल्ब कुठे चालेल आणि कुठे नाही, हे ओळखणे हाच आता कसबाचा भाग झाला आहे.

2024 मध्ये बिडकीनसाठी टोयोटा आणि एथर या कंपन्यांच्या प्रकल्पांची घोषणा झाली, आणि विजेच्या गाड्यांनी जुने कसब निकालात निघेल असे बोलले जाऊ लागले. त्या गाड्यांच्या नारिंगी, उच्च दाबाच्या वायरींना प्रशिक्षणाशिवाय हात लावायचा नाही, हे खरेच. पण विजेच्या कारमध्येही हॉर्न, वायपर आणि दिव्यांसाठी 12 व्होल्टची वेगळी बॅटरी असते, आणि तिच्या वाटेवर तेच लाल-निळे फ्यूज असतात. मालकही तेच, गाडी घरी येताच कॅमेरा बसवायला निघणारे. तेव्हा तोच फ्यूज दुसऱ्यांदा उडाला की मोठ्या अँपिअरचा शोधू नका. गाडीत नंतर काय काय बसवले त्याची यादी करा आणि ती घेऊन गॅरेजला जा. उस्तादाचे अर्धे काम आणि तुमचे निम्मे बिल तिथेच वाचेल.