मृग म्हणजे हरीण, पाऊस, किडा की कोंबडी? एका शब्दाची गोष्ट



आपल्या प्रश्नपत्रिकेत एक नेहमीचा प्रश्न असतो : समानार्थी शब्द लिहा. त्यात 'मृग' हा शब्द बरेचदा येतो. अपेक्षित उत्तर 'हरीण', गुण एक. पण आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या चौथीच्या वर्गात हाच प्रश्न तोंडी विचारून बघा. एकजण सांगेल हरीण. धानवाल्या घरातला मुलगा सांगेल, "मिरग म्हणजे पाऊस लागते तो." तिसरी म्हणेल, लाल मखमली किडा. आणि घरी हिंदी बोलणारं एखादं लेकरू हळूच विचारेल, "मुर्गी का, सर?" मग सगळा वर्ग हसेल.

यातलं कोणतं उत्तर चूक? मला विचाराल तर एकही नाही. ते कसं, ते आज बघू या.

मुळात मृग म्हणजे कोण?

जुन्या संस्कृतात मृग म्हणजे फक्त हरीण नव्हे. रानात फिरणारा कोणताही प्राणी म्हणजे मृग. ऋग्वेदात हत्तीला 'मृग हस्तिन्' म्हटलं आहे, म्हणजे हात असलेला प्राणी. सोंडेलाच हात म्हटलं!

हा जुना अर्थ आपल्या मराठीतही लपून बसलेला आहे. सिंहाला आपण मृगेंद्र किंवा मृगराज म्हणतो. मृग म्हणजे हरीणच असेल तर सिंह हरणांचा राजा कसा होईल? तो सगळ्या रानप्राण्यांचा राजा. माकडाला संस्कृतात शाखामृग म्हणतात, म्हणजे फांद्यांवरचा प्राणी. 'मृग्' या धातूचा अर्थ शोधणे, मागावर जाणे. म्हणून शिकारीला मृगया म्हणतात, मग ती हरणाची असो की रानडुकराची.

मग अर्थ हरणापुरताच कसा उरला? माणूस रानात जास्त करून ज्याच्या मागे लागायचा, तो प्राणी बहुतेक हरीणच असायचा. त्यामुळे सगळ्यांचं नाव हळूहळू एकट्याला चिकटलं. आपल्या नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात आजही चितळ, सांबर, भेकर, चौसिंगा आहेत. २०१३ साली हे जंगल व्याघ्र प्रकल्प झालं. तिथे मुलांची सहल नेली की सगळी वाघासाठी डोळे लावून बसतात, पण दिसतात बहुतेक चितळांचे कळपच.

गंमत म्हणजे इंग्रजीतही अगदी हेच झालं. इंग्रजी 'डिअर' म्हणजे हरीण, हे आपण पहिलीपासून शिकवतो. पण जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता कोणताही प्राणी. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकात तर उंदरांनाही डिअर म्हटलेलं आहे. त्याच शब्दाचा जर्मन भाऊ 'टीअर', आणि त्याचा अर्थ आजही 'प्राणी' असाच आहे. हजारो मैलांवरच्या दोन भाषांमध्ये दोन वेगळे शब्द एकाच वाटेने चालले.

दक्षिणेत जुना अर्थ अजून जिवंत

आपल्याकडे मृग हरणापुरता उरला, पण दक्षिणेत तसं झालं नाही. मल्याळममध्ये 'मृगम्' म्हणजे कोणताही प्राणी. केरळात प्राणिसंग्रहालय म्हणजे मृगशाला, आणि गुरांचा दवाखाना म्हणजे मृगाशुपत्री. कानडीत प्राणिसंग्रहालयाला मृगालय म्हणतात. तमिळमध्ये हाच शब्द 'मिरुगम्' असा बोलतात. आता आपल्या गावातला 'मिरग' आठवा. 'मृ' हे अक्षर जिभेला जड जातं, म्हणून तमिळ माणसानेही ते 'मिरु' असं सोपं केलं आणि आपल्या शेतकऱ्यानेही 'मिर' केलं. म्हणजे 'मिरग' हा अडाण्याचा उच्चार नाही. शब्द बोलता बोलता असाच गुळगुळीत होतो, सगळीकडे.

हा शब्द समुद्रापारही गेला. इंडोनेशियात रानप्राण्यांना 'मार्गासत्वा' म्हणतात, म्हणजे आपलेच मृग आणि सत्त्व.

मुर्गी आणि मृग : लांबची नाती

आता त्या हसू झालेल्या उत्तराकडे येऊ. हिंदीतला मुर्गा-मुर्गी हा शब्द फारसीतल्या 'मुर्ग'वरून आला. फारसीत मुर्ग म्हणजे पक्षी. संस्कृत आणि इराणच्या जुन्या भाषा एकाच कुटुंबातल्या. पारशी धर्मग्रंथ 'अवेस्ता'च्या भाषेत पक्ष्याला 'मेरेघ' अशा उच्चाराचा शब्द आहे, आणि तो संस्कृत 'मृग'चा सख्खा भाऊ मानला जातो. इकडे मृग जमिनीवर चालत राहिला, तिकडे तो उडायला लागला. पुढे फारसीतून तो हिंदीत परत आला आणि आपल्या अंगणातली कोंबडी झाला.

याचा पुरावा मराठीतच आहे. शहामृग! हा तर पक्षी, मग नावात मृग कशाला? मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. हिंदीत त्याला शुतुरमुर्ग म्हणतात. फारसीत शुतुर म्हणजे उंट आणि मुर्ग म्हणजे पक्षी : उंटासारखा पक्षी. आपल्या शहामृगातला 'मृग' हाच मुर्ग आहे, हरीण नाही.

तेव्हा "मुर्गी का, सर?" असं विचारणाऱ्या लेकराचा कान किती तल्लख आहे बघा. परीक्षेचं उत्तर म्हणून ते चालणार नाही हे खरं, पण त्याला दोन शब्दांचं नातं ऐकू आलं होतं.

आपला मिरग

आता आपल्या धानाच्या बांधीत येऊ. सूर्य साधारण ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्रात जातो आणि तेरा-चौदा दिवस तिथे राहतो. मग आर्द्रा लागते. शेतकऱ्याचं सारं पावसाळी गणित या नक्षत्रांवर चालत आलेलं आहे. मिरग लागला की खरिपाची लगबग, पऱ्हे टाकायची तयारी, मग पुढे रोवणी. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात. शाळेची घंटा वाजते तोवर मृग संपून आर्द्रा लागलेली असते. म्हणून मुलांचा मिरग वर्गात नाही, शेतात आणि घरच्या बोलण्यात घडतो. आपण वर्गात तो विचारला नाही, तर तो वर्गात येतच नाही.

इथून पुढे शब्दाला आणखी फांद्या फुटल्या. पहिल्या पावसानंतर जमिनीवर दिसणारा लाल मखमली जीव म्हणजे मृगाचा किडा, हिंदीत बीरबहूटी. मुलांना त्याचे पाय मोजायला सांगा. मोठ्या किड्याला आठ पाय असतात, म्हणजे तो कीटक नाही, कोळ्याच्या कुटुंबातला आहे. संत्र्याच्या बागेत पावसाळ्याच्या सुरुवातीला येणारा बहर म्हणजे मृग बहार. आणि ज्या पौर्णिमेला चंद्र मृगशीर्ष नक्षत्राजवळ असतो, तो महिना मार्गशीर्ष.

एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. जूनमध्ये सूर्य मृगात असतो, म्हणून तेव्हा ते नक्षत्र रात्री दिसत नाही. ते बघायचं डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी, पूर्वेकडे. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले एका रेषेतले तीन तारे म्हणजे बाण. त्या रेषेत खाली गेलं की सर्वांत तेजस्वी तारा दिसतो, तो व्याध, म्हणजे शिकारी. मृग आणि मृगया दोन्ही आभाळात!

मग गुण द्यायचे कसे?

खरा प्रश्न हा आहे. 'मृग' समोर 'पाऊस' असं लिहिणाऱ्या मुलाच्या उत्तरावर आपण लाल फुली मारतो. मुलगा त्यातून काय शिकतो? घरी आजोबा बोलतात ते चूक, पुस्तकात असतं ते बरोबर. आपल्याकडे झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी, छत्तीसगढी अशा घरांतून मुलं येतात. अशा चार-पाच फुल्या पडल्या की लेकरू बोलणंच बंद करतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावं असं सांगतं.

पण म्हणून काहीही लिहिलं तरी बरोबर, असंही नाही. परीक्षेत 'हरीण' लिहावं लागेल, हे मुलाला कळलंच पाहिजे. त्यासाठी मला या गोष्टी उपयोगी वाटतात :

१. सुटा शब्द देऊ नका, वाक्य द्या. "मृग पाणवठ्यावर आला" आणि "मृग लागला आणि बाबांनी पऱ्हे टाकले" ही दोन वाक्यं देऊन अर्थ विचारा. अर्थ वाक्यातून काढायची सवय लागते.

२. वेगळं उत्तर आलं तर आधी विचारा, "हे कुठे ऐकलंस?" उत्तर मिळाल्यावरच चूक-बरोबर ठरवा.

३. फळ्यावर मधोमध 'मृग' लिहा आणि मृगजळ, मृगराज, मृगाचा किडा, शहामृग, कस्तुरीमृग यांच्या फांद्या काढा. कुठे हरीण, कुठे प्राणी, कुठे पक्षी, कुठे नक्षत्र, ते मुलांनाच ठरवू द्या.

४. पालकांनी घरी एकच करावं. आजी-आजोबांना विचारून एका प्राण्याचं नाव घरच्या बोलीत वहीत लिहून द्यावं. गोंडी घरातून मासोळीसाठी 'मीन' आला, तर वर्गातल्या मीन राशीशी त्याची लगेच गाठ पडेल. तमिळमध्येही मासा म्हणजे मीनच.

पुढचा शब्द हवा असेल तर 'जनावर' घ्या. फारसीत कोणताही प्राणी, आपल्या गोठ्यात गाय-बैल, आणि रात्री अंगणात "जनावर निघालं" असं कोणी ओरडलं तर साप! तिथे अर्थ चुकून चालत नाही, आणि आपली मुलं तो कधी चुकतही नाहीत. शब्दकोश न उघडता त्यांना प्रसंगावरून अर्थ कळतो. हे शहाणपण ती घरून घेऊन येतात. वर्गात आपण त्याला जागा द्यायची, एवढंच.

तुमच्या शाळेच्या परिसरात 'मिरग'सारखा कोणता शब्द आहे, मुलांना जरूर विचारा.