शिडाची होडी आणि स्वस्त नकाशे

घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनीं समुद्राच्या नकाशांची उठाठेव कशाला करावी, असा प्रश्न आमचे मित्र आम्हांस नेहमीं विचारतात. त्यांस आमचें उत्तर असें कीं, लोणावळ्यापासून समुद्र वाटतो तितका दूर नाहीं. वळवणच्या तलावाचें पाणी नळांतून खोपोलीस उतरतें, तेथें वीज उत्पन्न करून पाताळगंगेस मिळतें आणि अखेरीस खाडीवाटे समुद्रास जातें. गांवालगतच आय. एन. एस. शिवाजी ही आरमाराची संस्था १९४५ सालापासून उभी असून, ज्यांना पुढें जहाजांचीं यंत्रें सांभाळावयाचीं असतात ते अधिकारी व खलाशी या डोंगरांतच त्या विद्येचे धडे घेतात. शिवाय २०१० सालीं कमांडर दिलीप दोंदे यांनीं एकट्यानें शिडाच्या होडींतून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, २०१३ सालीं अभिलाष टॉमी यांनीं तीच वाटेंत कोठेंही न थांबतां केली, व २०१८ सालीं सहा महिला अधिकाऱ्यांची 'तारिणी' जगास वळसा घालून गोव्यास परतली. अशा वार्ता ऐकून डोंगरांतल्या मुलांसही शीड उभारावेंसें वाटलें, तर त्यांत नवल नाहीं.

आम्हीही त्यांपैकींच. शाळा सुटून पुष्कळ वर्षें लोटल्यावर आम्हां चौघां वर्गबंधूंनीं वर्गणी काढून मांडव्याच्या बाजूस एक जुनी, लहान शिडाची होडी घेतली. होडींतच पैसे संपले. नकाशांसाठीं फारसे उरले नाहींत. तेव्हां एका दुकानदारानें थोडक्या रुपयांत "साऱ्या जगाचे समुद्र" एका पेनड्राइव्हवर उतरवून दिले. ते लॅपटॉपच्या पडद्यावर इतके सुबक दिसले कीं, ते कोणीं केले व कधीं केले हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं.

पुढें एके दिवशीं दुपारीं ओहोटी चालू असतां आम्ही रेवसच्या बाजूस गेलों. बरोबर शाळेंत जाणारा एक भाचा होता. पडद्यावर आमच्या होडीखालीं दोन मीटर पाण्याचा आंकडा होता. होडीस सव्वा मीटर पुरे. चारच्या सुमारास होडी हलकेंच थबकली आणि चिखलांत रुतली. पाणी ओसरत गेलें तशी ती एका कुशीवर कलली. अंधार पडला, लॅपटॉपची बॅटरी संपली, आणि धरमतरकडे जाणारे मालवाहू बार्ज आमच्यापासून हाकेच्या अंतरावरून जाऊं लागले. एका विजेरीचा प्रकाश शिडावर पाडून, आम्ही येथें आहों हें त्यांस दाखविण्यापलीकडे आमच्या हातीं कांहींच नव्हतें. रात्रीं दहाला भरतीनें आम्हांस उचललें. भाचा त्या सहा तासांत एक शब्दही बोलला नाहीं. नंतर अधिकृत नकाशा पैदा करून ताडून पाहिला, तों त्या जागीं ओहोटीस उघडा पडणारा चिखल स्पष्ट दाखविलेला होता. आमच्या पेनड्राइव्हवरील नकाशा पंधरा वर्षांपूर्वींचा निघाला, आणि त्यांत त्यानंतरची एकही दुरुस्ती नव्हती.

तेव्हांपासून स्वस्त नकाशा म्हणजे काय, याचा आम्हीं जो विचार केला तो येथें मांडतों.

प्रथम नकाशावरील आंकडा काय सांगतो तें समजलें पाहिजे. मावळांतल्या वाचकांस यासाठीं समुद्रावर जाण्याची गरज नाहीं. पवनेच्या जलाशयांत वाघेश्वराचें प्राचीन देवालय आहे. वर्षांतील बहुतेक महिने तें पाण्याखालीं असतें व उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं उघडें पडतें. आतां 'देवालयावर पाणी किती?' या प्रश्नास एकच उत्तर देतां येईल काय? कोणत्या पातळीपासून मोजावयाचें, हें आधीं ठरविलें पाहिजे. सागरी नकाशांत ही पातळी बहुधा अशी धरतात कीं, ओहोटीचें पाणी तिच्याखालीं क्वचितच जावें. म्हणजे नकाशावरील आंकडा हा कमींत कमी पाण्याचा असतो, आणि त्यांत त्या वेळच्या भरतीची उंची मिळविली म्हणजे प्रत्यक्ष खोली निघते. ज्या आंकड्याखालीं रेघ असते तो खोलीचा नव्हे, तर ओहोटीस उघड्या पडणाऱ्या जमिनीच्या उंचीचा असतो. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या परिसरांत भरती व ओहोटी यांतील फरक चार मीटरांहूनही अधिक होतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या रेघेचें मोल कळेल. भारतीय सर्वेक्षण खात्याचीं भरती-ओहोटीचीं कोष्टकें दरवर्षीं प्रसिद्ध होतात. तीं जवळ नसलीं तर उत्तमांतला उत्तम नकाशाही अर्धाच.

आतां लॅपटॉपविषयीं. नकाशा दाखविणारें सॉफ्टवेअर एक आणि नकाशा दुसरा, हा भेद नवख्यांच्या ध्यानांत येत नाहीं. ओपन-सी-पी-एन नांवाचें सॉफ्टवेअर कोणासही फुकट घेतां येतें. तें विंडोज, मॅक व लिनक्स या तिहींवर चालतें, आणि जुना लॅपटॉपही त्यास पुरतो. त्यास उपग्रहांवरून स्थान सांगणारी जी. पी. एस. ची लहानशी डबी जोडली कीं होडीची खूण नकाशावर सरकूं लागते. मात्र हें सॉफ्टवेअर म्हणजे रिकामें कपाट. पुस्तकें आपलीं आपण आणावयाचीं.

तीं पुस्तकें दोन जातींचीं. एक, कागदी नकाशाचें हुबेहूब छायाचित्र. त्यांत जें छापलें असेल तेंच दिसतें. दुसऱ्या जातींत प्रत्येक खडक, दीपगृह, बोया व खोली यांची नोंद निरनिराळी ठेविलेली असते. अशा नकाशास "सव्वा मीटरांहून कमी पाणी असेल तेथें मला सावध कर" असें सांगतां येतें. आमच्या मतें नवख्यानें दुसरी जात घ्यावी, परंतु डोळे पहिल्या जातीवर तयार करावे.

सराव फुकट होतो. अमेरिकेचें नोआ हें सरकारी खातें आपल्या किनाऱ्याचे इलेक्ट्रॉनिक नकाशे सर्वांस विनामूल्य देतें. गेल्या आषाढांत लोणावळ्यास घराबाहेर पाऊल टाकणें अशक्य असतां आम्ही बैठकींत बसून बॉस्टनच्या बंदरांत शिरण्याचे मार्ग आंखीत होतों. पण ते नकाशे कोंकणांत कवडीच्या उपयोगाचे नाहींत.

आपल्या किनाऱ्याचे अधिकृत नकाशे भारतीय जलसर्वेक्षण कार्यालय तयार करतें. हें खातें १८७४ सालीं कलकत्त्यास सुरू झालें व १९५४ सालीं डेहराडूनला गेलें. समुद्राचे नकाशे हिमालयाच्या पायथ्याशीं तयार होतात, हें वाचून आम्हां डोंगरवासीयांस थोडें बरें वाटलें! कार्यालयाचे इलेक्ट्रॉनिक नकाशे तुकड्यातुकड्यांनीं विकत मिळतात. असा नकाशा सामान्यतः कुलूपबंद असतो, त्याचा परवाना ठराविक मुदतीचा असतो आणि तो नेमलेल्या यंत्रावरच उघडतो. म्हणून पैसे देण्यापूर्वीं विक्रेत्यास तीन गोष्टी विचाराव्या : हा तुकडा आमच्या सॉफ्टवेअरमध्यें उघडेल काय? परवाना किती महिन्यांचा? त्या मुदतींतील दुरुस्त्या किमतींत धरल्या आहेत काय? उत्तरें लेखी घ्यावीं. ओपन-सी-पी-एन साठीं निरनिराळ्या देशांचे नकाशे संच करून विकणारेही आहेत. तेथें आपल्याला हवा तो किनारा संचांत आहे कीं नाहीं, हें यादींत स्वतः पाहूनच हात खिशांत घालावा.

खरी काटकसर येथेंच आहे. आमच्या होडीस मांडव्यापासून मुरूडपर्यंत जावयाचें; तिला साऱ्या जगाचे समुद्र काय करावयाचे? तेवढ्या किनाऱ्याचे अधिकृत तुकडे घेतले तर खर्च आटोक्यांत राहतो, आणि पुढच्या वर्षीं पल्ला वाढला तर आणखी एखादा घ्यावा. क्षेत्र लहान घेऊन पैसे वांचवावे. खरेपणा कमी घेऊन वांचवूं नयेत.

खासगी कंपन्यांचे नकाशेही पुष्कळ खपतात. ते फोनवर सोपे पडतात, पण बहुधा त्या त्या कंपनीच्या यंत्रांत वा सॉफ्टवेअरमध्येंच उघडतात. ओपन-सी-मॅप हा स्वयंसेवकांनीं चालविलेला फुकट नकाशा दिवे व बोया दाखवितो, परंतु खोलीसाठीं त्यावर भिस्त ठेवतां येत नाहीं. कांहीं दर्यावर्दी उपग्रहांनीं घेतलेलीं छायाचित्रें नकाशासारखीं वापरतात. प्रवाळबेटांच्या निळ्या, नितळ पाण्यांत तळचा खडक त्यांत दिसतो हें खरें. पण आमच्या धरमतरच्या गढूळ पाण्यांत हातभर खालचाही चिखल दिसत नाहीं. तेथें हीं चित्रें किनारा ओळखण्यापुरतींच समजावीं. राहिले चोरून उतरविलेले नकाशे. त्यांची नीतीची बाजू सोडली तरी त्यांस दुरुस्ती मिळत नाहीं, आणि त्याची किंमत आम्हीं रेवसला मोजली आहे. जलसर्वेक्षण कार्यालय दर पंधरवड्यास नाविकांसाठीं सूचना काढतें. नवा खडक आढळला, बोया हलली, दिवा बंद पडला, तर तें त्यांत येतें. या सूचना विनामूल्य वाचावयास मिळतात. फुकट मिळणारी इतकी मोलाची वस्तु वाचण्याचा कंटाळा मात्र पुष्कळांस येतो.

चांगला नकाशाही कसा फसवितो, याचें एक उदाहरण हिंदी महासागरांतलें आहे. २९ नोव्हेंबर २०१४ रोजीं केपटाउनहून अबूधाबीकडे शर्यतींत निघालेली 'व्हेस्टास विंड' ही अत्याधुनिक शिडाची नौका मॉरिशसच्या ईशान्येस प्रवाळाच्या खडकांवर रात्रीं आदळली. नऊही खलाशी वांचले. खडक नकाशांत होते! परंतु पडद्यावर नकाशा इतका लहान करून पाहिला होता कीं, त्या प्रमाणावर ते दिसतच नव्हते. कागदाचें प्रमाण बोटानें बदलत नाहीं, पडद्याचें बदलतें. म्हणून जो मार्ग आंखला असेल तो आरंभापासून अखेरपर्यंत मोठ्या प्रमाणावर, वीत वीत सरकवून पाहिला पाहिजे. उलट, नकाशा ज्या प्रमाणावर तयार झाला त्याहून तो अधिक मोठा करून पाहिला, तर नवी माहिती उत्पन्न होत नाहीं, केवळ अक्षरें फुगतात.

अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशांत मोजणीच्या विश्वासाची प्रतही दिलेली असते, ती फार थोडे पाहतात. 'ए-१' या प्रतीच्या मोजणींत स्थानाची चूक पांच मीटरांच्या आंत मानतात. 'बी' मध्यें पन्नास मीटर. आणि 'सी' मध्यें ती पांचशें मीटरांपर्यंत असूं शकते. जुन्या काळीं दोरीस शिसें बांधून खोली घेत. ज्या ठिकाणीं शिसें पडलें तेथली खोली कळली, परंतु दोन जागांमधला खडक तसाच राहिला. जी. पी. एस. आपलें स्थान कांहीं मीटरांपर्यंत अचूक सांगतो, पण ज्या नकाशावर तें मांडावयाचें तोच पांचशें मीटरांनीं चुकला असेल तर ती अचूकता कोणाच्या कामाची? जुन्या कागदी नकाशांच्या छायाचित्रांत आणखी एक घोटाळा असतो. जी. पी. एस. ज्या गणितानें पृथ्वी मोजतो त्याच गणितावर ते तयार झालेले नसतात, आणि त्यामुळें होडीची खूण भलत्याच जागीं उमटते. नकाशाच्या कोपऱ्यांतील बारीक अक्षरें आधीं वाचावीं तीं यासाठीं.

लॅपटॉप स्वतः खादाड आहे. चाळीस वॅट घेणारा लॅपटॉप बारा व्होल्टच्या बॅटरींतून तीन अँपिअरांहून अधिक ओढतो. रात्रीच्या दहा तासांत तेहतीस अँपिअर-तास गेले. लहान होडीची बॅटरी त्यांतच बसते आणि मग दिव्यांस वीज उरत नाहीं. उन्हांत पडदा दिसत नाहीं, खारी हवा कळपाटीवर चढते, आणि एक लाट आंत आली कीं सारेंच आटोपलें. आम्ही आतां लॅपटॉपवर घरीं मार्ग ठरवितों, पाण्यावर तो झांकून ठेवतों आणि तासातासानें उघडतों. मधल्या वेळांत फोनवर स्थान पाहून तें कागदी नकाशावर पेन्सिलीनें मांडतों. त्या एका कागदी नकाशाचे पैसे देतांना आमच्यांत बराच वाद झाला. चौथ्यास तो अजूनही उधळेपणा वाटतो.

येत्या दिवाळीच्या सुट्टींत मुरूडपर्यंत जाण्याचा बेत आहे. भाचा पुन्हां येतो म्हणाला, याचेंच आम्हांस अधिक समाधान आहे. मात्र त्यानें एक अट घातली आहे. त्यानें स्वतः सात मीटरांची दोरी आणून, मीटरामीटरावर गांठी मारून तिच्या टोंकास शिशाचा गोळा बांधला आहे. खाडींत शिरतांना ती पाण्यांत सोडून खोली मोठ्यानें सांगण्याचें काम त्याचें, आणि ती पडद्यावरील आंकड्याशीं जुळली नाहीं तर होडी तत्काळ वळवावयाची. ती अट आम्हीं मान्य केली आहे.