ज्वाला नव्हे, हवेतला फरक फुगा उचलतो

गरम हवेचा फुगा आगीच्या जोरावर वर जातो, असा समज घट्ट रुजला आहे. ज्वाला डोळ्यांना दिसते, हवेचे वजन दिसत नाही. यंत्र मात्र साधे आहे: कापडी खोळ, तोंडाखाली बर्नर, गॅसच्या टाक्या आणि माणसांची टोपली. हवा तापली की पसरते आणि खोळीच्या उघड्या तोंडातून जास्तीची हवा बाहेर पडते. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा सुमारे १.२२ किलो भरते. १०० अंशांना तेवढ्याच जागेत साधारण ९५० ग्रॅमच हवा मावते. मधले पावणेतीनशे ग्रॅम हीच फुग्याची उचल. आर्किमिडीजचा नियम पाण्याइतकाच हवेलाही लागू आहे.

मग मराठवाड्याच्या उन्हाळ्यात फुगा अधिक सहज उडायला हवा, असे कुणी म्हणेल. घडते उलटे. मुदखेड परिसरात मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हा बाहेरचीच हवा विरळ होते आणि उचल घनमीटरमागे पावणेदोनशे ग्रॅमवर येते. थंडीच्या पहाटे सहाशे किलो पेलणारा २,२०० घनमीटरचा फुगा भर दुपारी जेमतेम ३८० किलो पेलेल; त्यातून खोळ, टोपली, टाक्यांचे वजन वजा जायचे. मुदखेड पठारावर असल्याने दोन्ही आकडे आणखी थोडे उतरतात. बर्नर वाढवावा, तर नायलॉनचे कापड किती ताप सोसेल याला मर्यादा आहे.

आगीविना उडणारे फुगेही हेच सांगतात. जून १७८३ मध्ये माँगोल्फिए बंधूंनी आगीवर तापलेल्या हवेने फुगा उडवला. त्याच वर्षी डिसेंबरात फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल मात्र आगीविना, हायड्रोजनवर उडाले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद केंद्रातून आजही हायड्रोजनचे प्रचंड फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंची गाठतात. त्यांची उपकरणे रंगीत पॅराशूटने खाली येतात. ती नांदेड, लातूरसह अनेक जिल्ह्यांत उतरू शकतात, म्हणून हात न लावता पोलिसांना कळवा, असे आवाहन केले जाते. हायड्रोजनची उचल गरम हवेच्या चौपट आहे, पण तो पेट घेतो. गरम हवा स्वस्त आणि ताब्यात राहणारी, म्हणून माणसांच्या सफरीला तीच बरी.

शाळेत ‘उष्णता वर जाते’ एवढेच शिकवले, तर मे महिन्यातल्या फुग्याचे कोडे सुटत नाही. बाहेरच्या हवेपेक्षा आतली हवा किती हलकी, हा प्रश्न मुलांपुढे ठेवला तर मुदखेडचा उन्हाळा आणि हैदराबादचे फुगे, दोन्हींची उत्तरे त्यांना स्वतः काढता येतील.