बिल्डिंग तुमची, नकाशा कुणाचा?

वीकेंडला काय करता? मॉल, मूव्ही, की सरळ ताणून झोप? काही अवली मंडळींनी कित्येक शनिवार-रविवार बिल्डिंगा उभारण्यात घालवले. विटा-सिमेंटच्या नव्हे, कॉम्प्युटरवरच्या!

हे जिओ-मॉडेलर. २००६ मध्ये गूगलने स्केचअप हे थ्रीडी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर घेतलं, त्याची एक आवृत्ती फुकट दिली आणि मॉडेल्स ठेवायला थ्रीडी वेअरहाऊस उघडलं. काम वेळखाऊ. इमारतीभोवती फिरून फोटो काढा, स्क्रीनवर सांगाडा उभा करा, त्यावर फोटो वॉलपेपरसारखे चिकटवा, अपलोड करा. गूगलने पास केलं की तुमची बिल्डिंग गूगल अर्थवर अख्ख्या जगाला दिसणार. पगार शून्य, कॉलर मात्र टाइट!

मग गेम पलटला. २०१२ मध्ये गूगलने स्केचअप ट्रिम्बल कंपनीला विकलं. त्याच वर्षी विमानातून घेतलेले तिरपे फोटो जुळवून आख्खं शहर, अगदी झाडांसकट, आपोआप थ्रीडीत उभं करायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०१३ पासून लोकांची मॉडेल्स घेणंच बंद झालं.

मशीन फास्ट आहे, मान्य. हाताने शहर कधी पुरं होणार? मला खटकतं ते वेगळंच. घाम आपला, पण नकाशावर काय राहणार हे ठरवणार कंपनी.

म्हणून मला २००४ मध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केलेला ओपनस्ट्रीटमॅप जास्त जवळचा वाटतो. इथे थ्रीडी म्हणजे साधी माहिती: इमारतीची बाह्यरेखा, मजले, उंची, छपराचा आकार. त्यावरून एफफोरमॅपसारख्या साइट्स चित्र उभं करतात. मी आमच्या चार मजली बिल्डिंगची माहिती भरली. ना बाल्कन्या, ना गच्चीवरची टाकी. दिसतं निव्वळ खोकं. पण हे खोकं खुलं आहे. श्रेय आणि लायसन्सच्या अटी पाळून कुणीही डाउनलोड करावं, वापरावं. एखादी साइट बंद पडली तरी माहिती उरते.

ट्राय करायचंय?

• फुकट अकाउंट उघडा, एडिटरमधल्या सॅटेलाइट फोटोवर बाह्यरेखा काढा.

• गूगल मॅप्सवरून कॉपी नको, परवानगी नाही.

• उंची माहीत नसेल तर नुसते मजले टाका. ते मोजायला मात्र खाली उतरावं लागेल. तेवढाच व्यायाम!