घरच्या टीव्हीची किल्ली कोणाच्या हाती?

धर्मग्रामातील कुटुंबांच्या भेटीस आम्ही जातो तेव्हा अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी पडतो. “फादर, टीव्हीला लावायचा तो बॉक्स घ्यावा म्हणतो. पेन ड्राइव्हमधले पिक्चर मोठ्या पडद्यावर दिसतात म्हणे. घेतला तर चालेल ना?” विचारणारा बहुधा घरचा कर्ता असतो. मुले आमच्या उत्तराकडे कान लावून उभी असतात, आणि माउलीच्या मुद्रेवर मात्र काळजी उमटलेली असते. या प्रश्नाला केवळ “घ्या” किंवा “घेऊ नका” असे उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या देशात टीव्हीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला, आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले. पुढे खेडोपाडी टीव्ही पोहोचला, तेव्हा ज्याच्या घरी तो असे त्याचे अंगण रविवारी माणसांनी भरून जाई. परंतु त्या काळी काय पाहावयाचे आणि केव्हा पाहावयाचे, हे ठरविणारे दुसरेच होते. आपण केवळ प्रेक्षक होतो. नंतर केबल आली, वाहिन्या वाढल्या, तरी वेळापत्रक परक्याचेच राहिले. टीव्हीला जोडावयाच्या या लहानशा पेटीने ही स्थिती पालटली आहे. आज काय लागणार, किती वाजता लागणार आणि केव्हा थांबणार, हे सर्व आता घरच्या माणसाच्या हाती आले आहे. जेथे निवडीचा अधिकार येतो तेथे जबाबदारीही येते. “टीव्हीवर लागले म्हणून पाहिले” ही सबब आता कोणालाही सांगता येणार नाही.

ख्रिस्तसभेची दृष्टी

ख्रिस्तसभा नव्या साधनांकडे नेहमी संशयाने पाहते, असा एक समज आहे. तो खरा नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली चित्रपटांविषयी स्वतंत्र परिपत्रक काढिले. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली चित्रपट, रेडिओ आणि टेलिव्हिजन या तिन्ही साधनांचा एकत्र विचार केला, आणि त्यांना देवाच्या देणग्या मानूनच त्यांच्या धोक्यांची जाणीव करून दिली. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी ‘इंतेर मिरिफिका’ हा आदेश प्रसिद्ध केला. त्यात निर्मात्यांप्रमाणेच पाहणाऱ्यांच्याही कर्तव्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. काय पाहावे हे विवेकाने निवडणे, तरुणांनी स्वतःला संयमाची सवय लावणे, आणि घातक गोष्टी घराच्या उंबरठ्याच्या आत येऊ न देणे, हे आईबापांचे गंभीर कर्तव्य होय, असा त्याचा आशय आहे.

टेलिव्हिजनला आश्रयदात्री संतही लाभली आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. ती म्हणजे असिसीची संत क्लारा. आजारपणामुळे नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेस तिला जाता आले नाही, तेव्हा अंथरुणावर पडल्या पडल्या दूर मंदिरातील उपासना तिला दिसली व ऐकू आली, असे तिच्या चरित्रात सांगितले आहे. त्यावरून पोप बारावे पायस यांनी तिला हा मान दिला. २०२० सालच्या टाळेबंदीत मिस्साबलिदान पडद्यावर पाहावे लागले, तेव्हा क्लारेच्या त्या रात्रीचा अर्थ आपणा सर्वांस उमगला. २७ मार्च २०२० रोजी पावसात भिजलेल्या, निर्मनुष्य अशा संत पेत्राच्या चौकात पोप फ्रान्सिस यांनी जगाला दिलेला आशीर्वाद अनेक कुटुंबांनी टीव्हीपुढे गुडघे टेकून स्वीकारला. मात्र जो धडधाकट आहे त्याच्यासाठी पडद्यावरची मिस्सा ही मंदिरातील मिस्सेची जागा घेऊ शकत नाही. ती सोय खिळलेल्या रुग्णांची आणि वृद्धांची आहे.

ही पेटी करते तरी काय?

आता यंत्राची थोडी ओळख करून घेऊ, म्हणजे दुकानदार काय सांगतो ते नीट समजेल. डिजिटल चित्र म्हणजे आकड्यांची रास. चांगल्या प्रतीच्या एका चित्रात आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात, आणि सेकंदाला अशी पंचवीस चित्रे लागतात. ते सर्व आकडे जसेच्या तसे साठवावयाचे म्हटले तर सेकंदाला दीडशे एमबीहून अधिक जागा लागेल, आणि तासाभराच्या चित्रफितीला साडेपाचशे जीबी पुरणार नाहीत. म्हणून ते दाबून लहान केले जातात. लागोपाठच्या दोन चित्रांत जो भाग बदलत नाही तो पुन्हा पुन्हा लिहिला जात नाही. अशा रीतीने तोच एक तास सुमारे सव्वादोन जीबीमध्ये बसतो. दाबलेले हे आकडे पुन्हा उलगडून टीव्हीकडे पाठविणे, एवढेच त्या पेटीचे काम.

दाबण्याच्या रीती मात्र निरनिराळ्या आहेत. २००३ साली ठरलेली एच.२६४ ही रीत जवळजवळ सर्व यंत्रांना येते, २०१३ची एच.२६५ ही जुन्या पेटीला येत नाही. फाइलच्या नावापुढे एमपी४ किंवा एमकेव्ही असे लिहिलेले असते, ते केवळ डब्याचे नाव होय. आत कोणत्या रीतीने भरले आहे हे त्यावरून कळत नाही. म्हणूनच एमपी४ नावाची एक फाइल दिसते आणि दुसरी दिसत नाही, किंवा चित्र दिसते पण आवाज येत नाही, असे घडते. पेटी बिघडली असे समजून ती दुरुस्तीस नेण्यापूर्वी तीच फाइल संगणकावर लावून पाहावी. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली आरंभिलेली व्हीएलसी ही प्रणाली विनामूल्य मिळते, आणि बहुतेक सर्व रीती तिला येतात.

आणखी काही व्यवहाराच्या गोष्टी. खरेदीपूर्वी आपल्या टीव्हीच्या मागे पाहावे. यूएसबीची खाच असल्यास पुष्कळ टीव्ही स्वतःच पेन ड्राइव्ह वाचतात, आणि पेटीचा खर्च वाचतो. एचडीएमआयची खाच असल्यास एकाच केबलने चित्र व आवाज दोन्ही जातात. जुन्या टीव्हीला पिवळी, पांढरी व तांबडी अशा तीन वायरी लागतात. पिवळी चित्राची आणि उरलेल्या दोन आवाजाच्या. तशी सोय असलेलीच पेटी घ्यावी. पुष्कळ पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने आखलेले असतात, आणि त्यांत ४ जीबीहून मोठी फाइल जात नाही. दोन तासांचा चित्रपट त्यामुळे अडतो. नव्या पद्धतीने आखून घेतल्यास ही अडचण दूर होते, परंतु तसे करताना आतील सर्व मजकूर पुसला जातो, हे ध्यानात ठेवावे.

पेटाऱ्यातील कॅसेटी

या पेटीचा सर्वांत मोलाचा उपयोग आमच्या मते सिनेमा पाहण्याचा नाही. आपल्या अनेक घरांत लग्नाच्या, प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या, कोणाच्या धर्मगुरुदीक्षेच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी पेटाऱ्यात पडून आहेत. त्या लावावयाची यंत्रेही आता होत नाहीत. ती बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ सालीच उत्पादन थांबविले. आपल्याकडील पावसाळ्याच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी चढते आणि चित्र कायमचे जाते.

आमच्या धर्मग्रामातील एका घरची ही गोष्ट. १९९४ सालच्या लग्नाची तीन तासांची कॅसेट त्या घरी होती. घरची माउली धाकटी मुलगी दोन वर्षांची असतानाच देवाघरी गेली, आणि मागे राहिलेल्या पतीला ती कॅसेट पाहण्याचे धैर्य कधी झाले नाही. मुलीच्या लग्नाचे ठरले तेव्हा ती बाहेर निघाली. शहरातील एका कारागिराने फीत हाताने पुसून, जेवढी वाचता येईल तेवढी पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. तीन तासांतील अकरा मिनिटे हाती लागली. मंदिरातील विधी गेला, आणतभाक गेली. राहिला तो रोसाचा थोडासा भाग. अंगाला नारळाचा रस लावून घेत बसलेली नववधू त्यात हसते आणि बहिणीला म्हणते, “पुरे गं आता!” मुलीने आईचा आवाज प्रथमच ऐकला. त्या रात्री ती अकरा मिनिटे त्या घरात किती वेळा लावली गेली, त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही.

ती कॅसेट दहा वर्षे आधी बाहेर निघाली असती तर? म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो की, हे काम येत्या पावसाळ्यापूर्वी करा. बुरशी दिसत असलेली कॅसेट तशीच यंत्रात घालू नका. बुरशी यंत्रात जाते आणि तेथून दुसऱ्या कॅसेटींना लागते. उतरवून घेतलेल्या फाइलच्या दोन प्रती करा आणि त्यांतील एक भावाच्या किंवा बहिणीच्या घरी ठेवा. फाइलला प्रसंगाचे नाव व साल द्या. जुने चित्रण नव्या रुंद टीव्हीवर ताणले जाऊन चेहरे फुगलेले दिसतात, तेव्हा रिमोटवरून चित्राची मूळ चौकट निवडा. आखातात वा परदेशी असलेल्या लेकरांनाही त्याची एक प्रत पाठवा.

सातवी आज्ञा आणि पेन ड्राइव्ह

बाजारच्या दिवशी थोड्या पैशांत पेन ड्राइव्ह ‘भरून’ देणारी दुकाने आहेत. कालपरवा प्रदर्शित झालेला चित्रपट तेथे मिळतो. तो दुकानदाराच्या मालकीचा नसतो, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते. “सगळेच करतात” या उत्तराने सातवी आज्ञा रद्द होत नाही. १९५७च्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरील हक्क तो प्रदर्शित झाल्याच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. त्यामागे नट आणि निर्माता यांच्याबरोबर दिवे उचलणाऱ्या मजुराचीही भाकरी असते. शिवाय अशा दुकानात मुलाने मागितलेल्या चित्रपटासोबत न मागितलेले काय भरून येते, हे आईबापांनी एकदा स्वतः उघडून पाहावे.

चांगल्याची वाण मात्र नाही. दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा मुंबईत पाहिलेल्या प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपटाने झाली, आणि त्यातून ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. त्याच फाळक्यांनी बडोद्याच्या कलाभवनात कलेचे धडे घेतले होते. १९७८ सालचा तेलुगू ‘करुणामयुडू’ हिंदीत ‘दयासागर’ या नावाने गावोगावी पांढऱ्या चादरीवर दाखविला गेला. आपल्या वडीलधाऱ्यांस तो आठवत असेल. १९५३चा ‘श्यामची आई’ कोणत्याही धर्माच्या आईने मुलांसह पाहावा असा आहे. १९९५ साली चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली, तीत १९८२चा ‘गांधी’ आहे. यांतील जे पाहावयाचे ते रीतसर मिळवून पाहावे.

सायंकाळ कोणाची?

आता माउलीच्या काळजीकडे वळू. तिला भीती वाटते ती रोझरीची. ती भीती खोटी नाही. परंतु आज रोझरीचा खरा शत्रू बैठकीतील टीव्ही नसून प्रत्येकाच्या हातातील मोबाईल आहे, असे आम्हांस वाटते. एकाच छताखाली पाच माणसे पाच कोपऱ्यांत पाच निरनिराळी चित्रे पाहत बसतात, आणि कोण काय पाहतो हे कोणासही कळत नाही. त्या मानाने सर्वांनी एकत्र बसून एक पडदा पाहणे कितीतरी बरे. एकत्र पाहिले म्हणजे एकत्र हसता येते, शंका विचारता येते, आणि जे पाहण्याजोगे नाही ते आजोबांच्या एका खाकरण्यानेही थांबते.

तेव्हा कर्त्या पुरुषाला आमचे उत्तर असे आहे. पेटी खुशाल घ्या, पण ती बैठकीच्या खोलीत ठेवा. मुलांच्या खोलीत नव्हे. संध्याकाळची घंटा झाली की आधी रोझरी, मग जेवण आणि त्यानंतर पडदा, हा क्रम मोडू नका. काय पाहावयाचे ते शनिवारीच सर्वांनी मिळून ठरवा, आणि त्या बैठकीत आईचे मत अखेरचे माना. परीक्षेच्या दिवसांत व उपवासकाळात पेटीला विश्रांती द्या. आणि घरात कोणी आजारी, एकाकी वडीलधारे असेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्या निवडीची ठेवा. त्या दिवशी जुन्या लग्नाची फीत लागेल, मुले आपल्या पणजीला पाहतील, आणि कोण कोणाचा कोण हे विचारतील. ते त्यांना सावकाश, नावानिशी सांगा.